केकच्या खोक्यातलं ऊन

माझ्या आत्याच्या हातात कागद दिला तर तो फार वेळ सपाट राहत नाही. मागच्या उन्हाळ्यात मी विजेचं बिल भरायला गेलो, तेव्हा माझ्या खिशातून बिलाऐवजी झाकण असलेलं एक चिमुकलं खोकं निघालं. खिडकीमागच्या बाईंनी ते आधी कानाजवळ नेऊन हलवून पाहिलं. आत काही नाही याची खात्री झाल्यावर उलगडलं, शिक्का मारला आणि मला विचारलं, "पुढच्या महिन्यात वरून रिबीन पण बांधून आणणार का?"

यात आत्याचा दोष नाही, तिच्या हातांचा आहे. सव्वीस वर्षं ते हात पुठ्ठ्याच्या कारखान्यात होते. केकची खोकी करायची, दिवसाला पाचशे. पुठ्ठा कापायचा, चमच्याच्या दांड्याने घडीची रेघ दाबायची, कोपऱ्यांना खळ लावायची, दाबून धरायचं, पुढचं घ्यायचं. कारखान्यातल्या गप्पा, भांडणं, कुणाच्या सुनेची गाऱ्हाणी हे सगळं तोंडाने चालायचं. हातांना त्यात कुणी विचारत नसे. त्यामुळे तिचे हात जरा स्वतंत्र वृत्तीचे झालेत. आत्या एकीकडे असते, ते दुसरीकडे.

मग कारखान्यात मशीन आलं. ते मशीन तासाला दोन हजार खोकी काढतं आणि गप्पा मारत नाही. मालकांनी सगळ्या बायकांना एकेक फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र दिलं, हात जोडले आणि घरी पाठवलं. आत्या आली ती पिशवीत तिचा चाकू, चमचा, पंच आणि ते प्रशस्तिपत्र घेऊन. प्रशस्तिपत्रावर लिहिलं होतं, 'निष्ठावान सेवेबद्दल'. ती म्हणाली, "काच चांगली जाड आहे."

आमचं घर दोन खोल्यांचं. त्यात बाबा, मी आणि आत्या. सहा-सात महिने ती घरात नुसती फिरत होती. तिने साबणाच्या वेष्टनांची खोकी केली, औषधांच्या पावत्यांची केली, माझ्या नोकरीच्या अर्जाचंही एक केलं. (तो अर्ज मी तसाच पाठवायला हवा होता. निदान कुणी उघडून तरी पाहिला असता.) बाबा म्हणायचे, "हिला काहीतरी उद्योग शोध रे, नाहीतर एक दिवस रेशनकार्ड घडी घालून ठेवेल."

उद्योग चालत आला तो जिन्यावरून. वरच्या मजल्यावरचा टिंबू रडत खाली आला. वय वर्षं पाच. कुठल्याही खेळात त्याला लिंबूटिंबू म्हणूनच घेतात, म्हणून नाव टिंबू. त्याच्या गाडीला गॅरेज नव्हतं. आत्याने जिन्याच्या पायरीवर बसून दहा मिनिटांत गॅरेज केलं, वर सरकतं दार दिलं. दुसऱ्या दिवशी टिंबूची नऊ वर्षांची बहीण आली. तिला आम्ही प्रश्नपत्रिका म्हणतो. तिचं एक वाक्य प्रश्नचिन्हाशिवाय संपलेलं मी ऐकलेलं नाही. तिच्या मागोमाग इंजिनीअर आला. हा दहा वर्षांचा गृहस्थ. त्याने आजवर दोन घड्याळं, एक इस्त्री आणि स्वतःच्या आजीचं श्रवणयंत्र उघडून पाहिलंय. उघडलेलं एकही यंत्र पुन्हा चाललेलं नाही, पण आत्मविश्वास मात्र चालू आहे.

पंधरा दिवसांत जिन्यावर गॅरेज, पेट्रोलपंप, दवाखाना आणि दोन खणांचा किल्ला उभा राहिला. आत्याची शिकवायची तऱ्हा अशी, की ती मुलांच्या वस्तूला हात लावत नसे. पोरगं चुकत असलं की स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. नाहीतर ते हात परस्पर जाऊन काम उरकून आले असते. मुलं तिच्याभोवती अशी चिकटलेली असत, की शाळेतून आल्यावर ती आधी आमच्याकडे यायची आणि मग भूक लागली तर आपापल्या घरी. आत्या पुन्हा मोठ्याने हसायला लागली होती. जेवताना भात मागून घ्यायला लागली होती.

आणि मग घरमालक कात्रणांवरून घसरले. लागलं काही नाही, पण चार पायऱ्या ते बसल्याबसल्या उतरले, आणि माणसाला त्याचा राग जास्त येतो. त्यांनी सांगितलं, "उद्यापासून जिन्यावर एक पोर दिसता कामा नये."

घरात जागा नाही, जिना बंद. तिसऱ्या दिवशी केस विंचरून, चांगली साडी नेसून आत्या वाचनालयात गेली. वाचनालयाच्या मागे एक खोली आहे. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि एक पाय नसलेली खुर्ची सोडली तर तिथे कुणी राहत नाही. वाचनालयाचे सचिव म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे सर. आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलंय, त्यामुळे आम्ही त्यांना अजूनही रस्त्यात पाहिलं की शर्टाचं वरचं बटण लावतो. मी आत्याबरोबर गेलो होतो. बटण लावून.

"मुलांना शिकवणार म्हणता," सर म्हणाले. "तुमचं शिक्षण?"

"चौथी."

"चौथी पास?"

"चौथीत होते," आत्या म्हणाली. "पुढचं नाही विचारलंत तर बरं."

सरांनी चष्मा काढून पुसला. आमच्या वर्गात याचा अर्थ फार वाईट असायचा. "हे बघा बाई, ती खोली झेरॉक्सवाला मागतोय. रविवारी एक वाजता तो माप घ्यायला येणार आहे. त्याच्याआधी तुम्ही मुलांकडून काहीतरी करून दाखवा. पटलं तर त्याला नाही म्हणेन. पण विज्ञानातलं हवं. बाहुल्यांची घरं नकोत."

रस्त्याला लागल्यावर आत्याने पदर सावरला. मग म्हणाली, "विज्ञानातलं म्हणजे काय रे?"

आता हा प्रश्न तिने योग्य माणसाला विचारला होता असं मला त्या वेळी वाटलं. "सौरचूल," मी म्हणालो. "नववीला मला सात गुणांना आली होती. आकृतीसकट."

"करून बघितली होतीस?"

"आकृती काढली होती."

"म्हणजे नाही. बरं, असते कशी?"

मी समजावलं. एका खोक्यात दुसरं खोकं. दोघांच्या मध्ये चुरगळलेली रद्दी, म्हणजे ऊब बाहेर पडत नाही. आतल्या खोक्याला काळा रंग. वर काच. आणि झाकणाला आतून चमकता कागद लावून ते असं तिरकं उभं करायचं, की ऊन आपटून आत जाईल. आत काळ्या डब्यात पदार्थ ठेवायचा, तो शिजतो.

आत्या रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून एक सायकलवाला शिव्या देत बाजूने गेला. "म्हणजे विज्ञान खोक्याचं असतं," ती म्हणाली, "आणि हे तू मला आज सांगतोयस?"

मुलांना काय शिजवायचं ते विचारलं तेव्हा तिघांनी एका आवाजात 'केक' म्हटलं. आत्या हसली. जन्मभर केकसाठी खोकी केली, आता खोक्यात केक करायचा.

सामान एका दिवसात जमलं. बाहेरचं मोठं खोकं किराणावाल्याने दिलं, दोन्ही बाजूंना हात घालून उचलायच्या फटी असतात तसलं. रद्दी वाचनालयानेच दिली. काच प्रशस्तिपत्राची. आत्याने फ्रेमचे खिळे उपसले आणि कागद काढून माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "अगं, कागद खराब होईल की काचेशिवाय." ती म्हणाली, "काच उन्हात जाऊन काहीतरी करेल तरी. कागद काय करणार आहे?" बेकरीवाला आत्याला वीस वर्षांपासून ओळखायचा. त्याने केकचं कोरडं पीठ मोजून पुडीत बांधून दिलं आणि बजावलं, "दूध आयत्या वेळी घाला. आधी कालवून ठेवलंत तर केक नाही, विटकर होईल."

कामं वाटली गेली. रद्दी चुरगळायची प्रश्नपत्रिकेने. चमकता कागद एकही सुरकुती न पाडता चिकटवायचा इंजिनीअरने, आणि काहीही उघडायचं नाही, ही जास्तीची अट. रंग टिंबूने. त्याला ब्रश दिला होता, पण त्याचा विश्वास बोटांवर. आतलं खोकं तेवढं आत्याने स्वतः केलं, मुलं शाळेत असताना. जाड पुठ्ठ्याला घडी मारायला मनगटात जोर लागतो.

प्रश्नपत्रिका रद्दी चुरगळता चुरगळता मला म्हणाली, "ऊन आत गेलं तर परत बाहेर का नाही येत?"

"काच येऊ देत नाही."

"मग आत कशी जाऊ दिली?"

मी पाणी प्यायला उठलो. पाणी पिऊन पुस्तक शोधलं, त्यातला परिच्छेद मोठ्याने वाचला. मलाही कळला नाही. आत्याने तो दोनदा वाचायला लावला आणि म्हणाली, "हे बघ पोरी. येताना ते ऊन असतं, काच त्याला वाट देते. काळ्या रंगावर पडलं की त्याची ऊब होते. उबेला काच ओळख दाखवत नाही. असंच लिहिलंय ना रे?" मी पुन्हा वाचलं. असंच लिहिलं होतं. फक्त साडेतीन ओळी जास्त घालून.

शुक्रवारी गच्चीवर चूल मांडली. घरमालकांनी गच्चीला बंदी घातली नव्हती, ते त्यांच्या लक्षात यायच्या आत आम्ही वर गेलो. केक वाया जायला नको म्हणून आत बटाटा ठेवला. तीन तासांनी काढला. बटाटा मजेत होता. जरा कोमट, बाकी जसा गेला तसाच आला. इंजिनीअरने त्याला दाबून पाहिलं आणि जाहीर केलं, "जिवंत आहे."

मी आकृती काढून दाखवली आणि झाकणाचा कोन चुकतोय असं सांगितलं. कोन बदलला. मग काच वाकडी बसतेय असं सांगितलं. काच काढून पुन्हा नीट बसवली. शेवटी खोकंच नीट चौकोनी नसेल असं मी म्हणालो, तेव्हा आत्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी लगेच आकृतीकडे बघायला लागलो. तरी शनिवारी तिने आतलं खोकं नवीन केलं, पहिल्यापेक्षा जाड पुठ्ठ्याचं. टिंबूने पुन्हा दहाही बोटांनी रंगवलं. रद्दी दुप्पट भरली. दुसरा बटाटा गेला. तोही सुखरूप परत आला.

शनिवारी जेवताना आत्याने भात मागितला नाही. बाबांनी विचारलं तर म्हणाली, "झेरॉक्सचं दुकान झालं तर बरंच आहे. लोकांची सोय होते." तिच्या समोरचा पेपर तेवढ्यात अर्धा खोकं झाला होता.

रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या मागच्या अंगणात चूल मांडली. ऊन कडक होतं, आभाळात एक ठिपका नाही. म्हणजे उन्हाला दोष द्यायची सोयही नव्हती. सर छत्री, घडीची खुर्ची आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला त्यांचा खास थर्मामीटर घेऊन आले. थर्मामीटर मखमली डबीत होता. निवृत्त होताना शाळेने त्यांना तो भेट दिला होता, आणि ते त्याच्याकडे अशा प्रेमाने पाहत होते, जसं माझ्या उत्तरपत्रिकेकडे त्यांनी कधीच पाहिलं नाही. त्यांनी तो स्वतःच्या हाताने आत आडवा ठेवला, काच बसवली आणि खुर्चीत बसले.

चाळीस. पन्नास. मुलं काचेवर ओणवी होऊन आकडे ओरडत होती. अठ्ठावन्न. साठ. एकसष्ट.

एकसष्ट.

सव्वाअकराला पण एकसष्टच.

"बाई," सर म्हणाले, "एकसष्टला केक होत नाही. फार तर त्याला घाम येईल."

टिंबूने बहिणीचा फ्रॉक धरला. "आता आपण कुठे बसायचं?" त्याने विचारलं. तिने पहिल्यांदाच उलट प्रश्न न विचारता आत्याकडे पाहिलं.

आत्याने ते ऐकलं. पदर खोचला. "चला," ती म्हणाली. "आमच्याकडे माल परत आला की मुकादम ओरडायचा नाही. सगळ्यांना आपापल्या जागी बसवायचा आणि म्हणायचा, एकेक खोकं करा, सावकाश, बाकीच्यांनी बघा. ज्याची चूक त्याला स्वतःलाच दिसायची. आता ज्याने जे केलं, ते तसंच करून दाखवायचं. हो रे, तू पण."

मी आकृती काढून दाखवली. तिच्यात चूक नव्हती. चूल मात्र तिच्यात नव्हती, एवढंच.

प्रश्नपत्रिकेने रद्दी चुरगळून दाखवली. इंजिनीअरने चमकता कागद तळहाताने पसरून दाखवला. टिंबूने ब्रश बाजूला ठेवून हवेत बोटांनी रंगवून दाखवलं, बोट आत घालून गोल फिरवत.

"आत्या, तुझं राहिलं," प्रश्नपत्रिका म्हणाली.

"मी काय, खोकंच तर केलं."

"मुकादमाने तुला सोडलं असतं का?"

आत्या हसून खाली बसली. वाचनालयाच्या जुन्या फाईलचा पुठ्ठा घेतला. चाकू फिरला. चमच्याच्या दांड्याने रेघा दाबल्या. "कापलं," ती म्हणत होती, "रेघ मारली, आता घडी घालायची, आणि मग कोपऱ्यांना..." तोंड हे बोलत होतं आणि उजवा हात पिशवीत गेला. पंच बाहेर आला. ठक्. ठक्. ठक्. एका बाजूला तीन. पुठ्ठा फिरला. ठक्.

चौथ्या ठक्‌ला तिचा हात थांबला. सगळे त्या हाताकडे बघत होते. तीसुद्धा.

"हे काय केलंस?" प्रश्नपत्रिकेने विचारलं.

"भोकं," आत्या म्हणाली.

"कशाला?"

"केकच्या खोक्याला पाडायचीच असतात. गरम केक आत घालतात ना, मग वाफ कोंडते, केक ओला होतो. म्हणून भोकं. म्हणजे आतली ऊब..." ती थांबली. "आतली ऊब बाहेर जायला."

मग सर खुर्चीतून असे उठले, की छत्री एकीकडे आणि चपला दुसरीकडे. "गळती!" ते ओरडले. "उष्णतेची गळती! रद्दीतून आणि त्या हात घालायच्या फटींतून! काढा, काढा काच!"

काच काढली. आत काळ्या भिंतींमध्ये वरच्या कडेखाली काळी भोकं होती, एका बाजूला तीन अशी बारा. काळ्यात काळं, कुणाला दिसणार? आत्याने कपाळाला हात लावला आणि हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग पदरात, मग मोकळीच. "सव्वीस वर्षं," ती डोळे पुसत म्हणाली, "माझ्या खोक्यातून कधी वाफ कोंडल्याची तक्रार नाही आली हो!"

"पण मला माहीत होती," टिंबू म्हणाला.

"काय?"

"भोकं. मी सगळ्यांच्या आत बोट घालून रंगवली. पहिल्या खोक्यातली पण आणि कालची पण."

"मग सांगितलं का नाहीस?" मी किंचाळलो.

"मला वाटलं ऊन तिथून जातं आत." मग जरा विचार करून, "आणि कुणी विचारलंच नाही."

यावर प्रश्नपत्रिकेचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतक्या दिवसांत जगातला एकच प्रश्न तिने विचारला नव्हता, आणि नेमका तोच परीक्षेत आला होता.

भोकं बुजवायचा मान टिंबूला. कुठलं भोक कुठे आहे हे त्याच्या बोटाला पाठ होतं. प्रश्नपत्रिकेने कागदाच्या गोळ्या वळल्या, आत्याने खळीत बुडवून दिल्या, टिंबूने ठासल्या. इंजिनीअरने बाहेरच्या फटींमध्ये रद्दी कोंबली. सर स्वतः काचेची कडा कापडी पट्टीने बंद करत होते आणि प्रत्येकाला सूचना देत होते, त्या कुणी ऐकत नव्हतं. बारा वाजायला दहा मिनिटं असताना काच परत बसली.

सत्तर. अठ्ठ्याहत्तर. सर घड्याळ बघत होते, मुलं नाचत होती. साडेबाराला नव्वद झालं तेव्हा आत्याने पुडी सोडली, दूध ओतलं, पीठ फेटलं, काळ्या डब्यात घातलं, आणि काच उचलून डबा आत सरकवून पुन्हा बंद केली. इतक्या झटपट, की पारा जेमतेम पाच अंश उतरला आणि पुन्हा चढायला लागला.

बरोबर एक वाजता झेरॉक्सवाला आला. हातात मोजायचा टेप, कानावर पेन्सिल. "सर, चला, माप घेऊन टाकू," तो म्हणाला.

"एकशे दोन!" मुलं ओरडली.

"किती?" झेरॉक्सवाला दचकला. "फूट?"

"जरा थांबा," सर त्याच्याकडे न बघता म्हणाले. ते काचेला नाक लावून बसले होते, आणि त्यांचा चेहरा बदलत होता. "एकशे चार. बाई, हा थर्मामीटर एकशे दहापर्यंतचाच आहे."

"बरं मग?"

"बरं मग काय? पुढे गेला तर फुटेल तो! एकशे पाच! काच उघडा!"

त्यांनी काचेला हात घातला आणि आत्याने त्यांच्या हातावर चापट मारली. आमच्या सरांच्या हातावर. मी वरचं बटण लावलं.

"मध्येच उघडलं तर केक बसेल," आत्या म्हणाली. "फुगायला लागलाय तो."

"अहो, पण माझा थर्मामीटर!"

"सर, माझी पोरं आठवडाभर राबलीयेत."

"एकशे सहा!" टिंबू आनंदाने ओरडला. त्याला थर्मामीटर फुटलेला बघायचा होता.

आत्याने चुलीला एक फेरी मारली. मग चमकत्या झाकणाच्या मागचा दगड चार बोटं सरकवला. झाकण थोडं मागे पडलं, काचेवरचा उजेड जरा मंद झाला. पारा एकशे सातला टेकला, थबकला आणि हळूच एकशे पाचवर येऊन बसला.

"हे काय केलंत?" सरांनी घाम पुसत विचारलं.

"काही नाही. गॅस बारीक केला."

सर खाली बसले. थर्मामीटर आत अडकलेला, त्यामुळे त्यांना हलता येईना. सर हलेनात, त्यामुळे झेरॉक्सवाल्याला माप घेता येईना. तोही खुर्ची शोधून बसला आणि पाय नसलेली निघाली म्हणून उठून भिंतीला टेकला. वेळ जाईना म्हणून सरांनी मुलांची तोंडी परीक्षा घेतली. ऊन आत का जातं, ऊब बाहेर का येत नाही, रद्दी कशासाठी. मुलांनी धडाधड सांगितलं. 'उबेला काच ओळख दाखवत नाही' या वाक्याला सरांनी भुवई वर केली, पण खोडलं नाही.

"आणि आधी का तापत नव्हतं?"

"कारण आत्याने भोकं पाडली होती," प्रश्नपत्रिका ठणकावून म्हणाली. "कारण केकच्या खोक्याला ऊब बाहेर जायला पाहिजे असते आणि चुलीला आत राहायला. आणि तिच्या हाताला दोघांतला फरक माहीत नव्हता. आता आहे."

सर आत्याकडे वळले. "मुलांना तुमची चूक अशी तोंडपाठ आहे. चालतं तुम्हाला?"

"त्यांच्यासमोरच सापडली, सर. आता लपवू कुठे?"

पावणेतीनला डबा बाहेर काढला. केक फुगला होता, मधे एक लहानसा खड्डा पडला होता, आणि वास असा सुटला होता, की वाचनालयात वर्तमानपत्र वाचणारे दोघे मागच्या दारात येऊन उभे राहिले. सरांनी आधी थर्मामीटर पुसून डबीत ठेवला, मग केककडे बघितलं.

"रंग फार फिका आहे," ते म्हणाले.

"हो ना," आत्या म्हणाली. "दोन तास उन्हात होता, काळवंडायला पाहिजे होता. मी सांगते त्याला."

सरांनी एक तुकडा खाल्ला. गरम होता, डोळ्यांत पाणी आलं, पण थुंकायला मुलं समोर. गिळला. मग न विचारता दुसरा घेतला. झेरॉक्सवाल्याने तिसरा घेतला तेव्हा इंजिनीअरने डबा हळूच स्वतःच्या मागे लपवला.

"तर मग सर," झेरॉक्सवाला बोटं चाटत म्हणाला, "खोलीचं माप?"

"खोली गेली," सर म्हणाले.

"कुणाला?"

"विज्ञान विभागाला."

"वाचनालयाला विज्ञान विभाग कधीपासून आहे?"

सरांनी घड्याळ बघितलं. "पावणेतीनपासून."

आत्याला पहिल्यांदा कळलंच नाही. ती काचेवरचे डाग पदराने पुसत होती. "विज्ञान विभाग म्हणजे कोण हो?" तिने मला हळूच विचारलं. मी काही बोलायच्या आत टिंबू तिच्या कमरेला लोंबकळला, आणि मग बाकीचे दोघेही. ती तिघांच्या वजनाने खाली बसली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. हात मांडीवर, अगदी शांत. मी तिचे हात इतके शांत कधी पाहिले नव्हते.

ते फार टिकलं नाही. पाच मिनिटांनी ती झेरॉक्सवाल्यासमोर उभी होती. "भाऊ, तुमचा टेप द्या जरा. नाहीतरी आणलाच आहे."

त्याने दिला. प्रश्नपत्रिकेने एक टोक भिंतीला धरलं आणि आत्या गठ्ठ्यांवरून उड्या मारत दुसऱ्या टोकाला गेली. "तीन टेबलं बसतात," ती आतून ओरडली. "खिडकीपाशी चौथं, तिरकं लावलं तर."

"चौथं कशाला?" सर दारातून म्हणाले. "मुलं तर तीन आहेत."

झेरॉक्सवाला टेप परत घ्यायला पुढे झाला होता, तो दारात घुटमळला. "किती वर्षांची मुलं घेता तुम्ही?" त्याने विचारलं. "माझी मुलगी सातची आहे. पण सांगून ठेवतो, भारी तोडफोड करते. मागच्या महिन्यात मशीनचा पंखा काढून ठेवला होता."

"तोडफोड करते?" आत्या कोळिष्टकं झटकत बाहेर आली. "मग उद्याच पाठवा."

"ए आत्या!" तोंडात केक भरलेला असतानाच इंजिनीअर ओरडला. "तोडफोड माझ्याकडे आहे!"